ओढ्यातलं बाळंतघर

आमच्या घरामागून जे वाहतं त्याला आता सगळे नाला म्हणतात. मी ओढा म्हणते. रिक्षावाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत प्रत्येकजण मला दुरुस्त करायला जातो, आणि प्रत्येकाशी मी भांडते. भांडून ओढा परत येणार नाही हे मला कळतं. पण सदाशिव पेठेत जन्म काढलेल्या बाईला भांडायला उपयोग व्हावाच लागतो असं नाही.

पेठेतली भाड्याची जागा सोडून आम्ही नगर रस्त्याला, वाघोलीच्या अलीकडे, एका गावात छोटंसं घर बांधलं. मी कॉलेजातून नुकतीच निवृत्त झाले होते, आणि आमचे हे खडकीच्या कारखान्यातून माझ्या आधीच सुटले होते. गाव त्याच सुमारास शहराच्या हद्दीत आलं होतं. म्हणजे घरपट्टी शहराची आणि बाकी सगळं गावाचं. मी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं. मासे पाहिले ते बरण्यांत, औषधात बुडवलेले, पांढरे पडलेले, बरणीवर चिठ्ठी लावलेले. घराच्या मागच्या दाराशी ओढा आहे म्हटल्यावर मला वाटलं, आता निदान जिवंत मासे बघायला मिळतील.

ओढ्यात मासे नव्हते. डासांच्या अळ्या भरपूर होत्या. गावात घरं उठत होती आणि प्रत्येक घराचा राडारोडा गुपचूप ओढ्यात येऊन पडत होता. विटांचे तुकडे, फरशीच्या कपच्या, सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या. त्याखाली काळा मऊ गाळ, पाय घातला तर पोटरीपर्यंत आत जाणारा. तळातली वाळू वाळूवाल्यांनी कधीच चाळून नेली होती, आणि चाळणीवर उरलेले गोल गोटे काठावर ओतून दिले होते. त्या ढिगांवर घाणेरी माजली होती.

पलीकडच्या काठावर आबांची विहीर होती. आबा म्हणजे ज्यांच्याकडून आम्ही प्लॉट घेतला ते शेतकरी. बाकीची जमीन मुलांनी विकून टाकली होती. विहीर आणि तिच्या भोवतीचा फुलांचा तुकडा तेवढा आबांनी हट्टाने ठेवला होता. शेवंती आणि झेंडू लावायचे, पहाटे मार्केट यार्डात पाठवायचे. विहिरीला झरा ओढ्याकडून होता. "वढा वाहता हाय तवर हिरीला पानी हाय," असं ते सांगत, आणि मुलांनी त्या तुकड्याचा विषय काढला की पुन्हा तेच सांगत.

चढणीच्या माशांचं मला त्यांच्याकडूनच कळलं. म्हणजे पुस्तकात मी ते वर्षानुवर्षं शिकवलं होतं, पण इथे, या घाणीत, ते होत असे हे कळलं. "पावसाळ्याच्या तोंडाला खालच्या नदीतनं उलटं वर यायचं," ते म्हणाले. "मळ्या, कोळीस, काय न् काय. पोटं ही अशी तट्ट." पोटात अंडी घेऊन मासे प्रवाहाच्या विरुद्ध चढतात. त्यांना उथळ, स्वच्छ, वाहतं पाणी लागतं आणि तळाला गोल गोटे लागतात. अंडी गोट्यांच्या फटींत पडतात, फटींतून पाणी खेळत राहतं, आणि तेवढ्यावर ती जगतात. गाळ बसला की गुदमरतात. एवढी साधी गोष्ट आहे ही.

त्याच हिवाळ्यात बातमी आली की ओढा बांधून काढणार. दोन्हीकडे काँक्रीटची भिंत आणि तळाला काँक्रीट. आबा माझ्याकडे आले. मला इंग्रजी येतं आणि माझा आवाज मोठा आहे, या दोन गुणांवर गावाचा विश्वास होता. मी शहरातल्या त्या कार्यालयात गेले. इंजिनिअर साहेब वयाने माझ्या विद्यार्थ्यांएवढे होते आणि बोलायला सभ्य होते.

"मॅडम, नकाशात हा नाला आहे," ते म्हणाले.

"नकाशा काढणाऱ्याने ओढा पाहिला होता का?"

"ते मला माहीत नाही. पण जिवंत ओढा असेल तर आम्हाला शेरा मारता येतो. मग काम थांबतं, फेरविचार होतो. मासे आहेत का त्यात?"

"येतील."

"येतील नको, मॅडम. आणि एखादा वाहून आलेला मासाही नको. इथे पैदास होते असं दाखवा. अंडी दाखवा, पिल्लं दाखवा. काम पावसाळ्यानंतरच सुरू होईल. तोवर दाखवलंत तर मी स्वतः येऊन पाहीन."

हे त्यांनी मला वाटेला लावायला म्हटलं की मनापासून, कोण जाणे. मी ते तंतोतंत खरं मानलं. घरी येऊन सांगितलं तेव्हा आमचे हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "म्हणजे आता ओढ्यात बाळंतघर काढायचं म्हण. सुईण घरचीच आहे."

पहिल्या रविवारी सोसायट्यांतली मंडळी आली. सगळ्यांना सारख्या टोप्या होत्या. त्यांनी हातमोजे घालून प्लॅस्टिकच्या पिशव्या उचलल्या, फोटो काढले, पोहे खाल्ले. दुसऱ्या रविवारी त्यांतले निम्मे आले आणि तिसऱ्या रविवारी त्यांच्या टोप्या घालून त्यांचे वॉचमन आले. एका बिल्डरने दोन ट्रक खडी फुकट टाकून द्यायची तयारी दाखवली. मी नको म्हटलं. फोडलेल्या खडीला धारा असतात, ती एकमेकींत घट्ट बसते, फटी राहत नाहीत. "मॅडम, शेवटी दगड तो दगड," तो म्हणाला. मी म्हटलं, "तुमच्या स्लॅबला असेल. माशांना नाही." तो हसला, गेला, आणि ती खडी त्याने माझ्याच घरासमोरच्या रस्त्याला टाकली. अजून चालताना टोचते.

खरं काम केलं ते गावाने. आबांनी देवळात बसून काय सांगितलं ते मला माहीत नव्हतं, पण उन्हाळ्यात एका सकाळी माणसं घमेली आणि फावडी घेऊन आपणहून उतरली. बायकासुद्धा आल्या. त्यांनी राडारोडा उपसला, गाळ काढून आबांच्या शेवंतीला टाकला. काठावरचे गोट्यांचे ढीग घाणेरी तोडून मोकळे केले. गोटे चाळणीत घालून विहिरीच्या पाण्याने धुतले आणि मी दोरी लावून दिली होती तिथे, हातभर जाडीचे, उतार धरून पसरले. वरच्या अंगाला जुन्या बांधाचे धोंडे आडवे लावून पाण्याला वेग राहील असं केलं. भर उन्हात, एक पैसा न घेता.

माझा ऊर भरून आला होता, हे मी लपवत नाही. मला वाटलं, बघा, ज्यांना आपण अडाणी म्हणतो त्यांना पाण्याची किती कळकळ. मी सगळ्यांना लिंबाचं सरबत केलं आणि गोट्यांच्या फटींवर, प्राणवायूवर, अंड्यांवर एक लहानसं व्याख्यानही दिलं. आयुष्यभराची सवय. सगळ्यांनी माना डोलावल्या. एका म्हाताऱ्या बाईने विचारलं, "केवढं व्हतील वो ते?" मी म्हटलं, "कोळीस वीतभर सहज होईल." तिचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, शिकवल्याचं सार्थक झालं.

साहेबांनी घातलेली अट मात्र मी कोणाला सांगितली नाही. आबांनाही नाही. ऑफिस माझ्याकडे, घमेली त्यांच्याकडे, अशी वाटणी मी मनातल्या मनात करून टाकली होती. कागदपत्रांतलं त्यांना काय समजावत बसायचं, असं मला वाटलं असणार. वर्गात बसलेल्यांना परीक्षेची तारीख न सांगता मी शिकवत राहिले.

जूनच्या शेवटाला ओढा दोनदा गढूळ होऊन गेला आणि मग पाणी निवळलं. एका सकाळी मी मागच्या दाराशी दात घासत उभी होते. गोट्यांवरच्या उथळ पाण्यात काहीतरी हललं. मला आधी वाटलं वाऱ्याने पाणी थरथरतंय. मग एकाची पाठ वर आली. मग एकदम कितीतरी. पाणी इतकं कमी होतं की त्यांच्या पाठी उघड्या पडत होत्या, आणि ते शेपट्या आपटत, गोट्यांवर पोट घासत वर सरकत होते. काही जागच्या जागी थांबून प्रवाहाकडे तोंड करून धडपडत होते. मळ्या मी ओळखला, तोंडाने दगडाला चिकटून दम खाणारा. जन्मभर तो मला बरणीत भेटला होता. मी तोंडात पेस्ट तशीच ठेवून रडले. इतक्या आनंदाने मी पूर्वी रडले नव्हते आणि नंतरही रडलेली नाही.

पलीकडे आबा डोक्यावर पोतं घेऊन उभे होते. "आलं की वो बाई," ते म्हणाले. त्यांचाही चेहरा बघण्यासारखा होता.

"आबा, मी शहरात जाऊन येते," मी म्हटलं. एवढंच म्हटलं.

ह्यांनी कधी नव्हे ते एकही शब्द न बोलता स्कूटर काढली. नगर रस्त्यावर खड्डे, ट्रक आणि चिखल यांतून आम्ही पोचलो. साहेब मीटिंगमध्ये होते, मी दाराशी उभी राहिले. ते बाहेर आले तेव्हा मी म्हटलं, "चला. तुम्ही शब्द दिला होतात." त्यांनी माझ्या भिजलेल्या पातळाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि ते खरोखर निघाले. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. अंडी गोट्यांत पडलेली असतील, दोन गोटे उचलले तरी दिसतील, असं मी वाटभर त्यांना जीपमध्ये सांगत होते.

घराच्या वळणावरच कालवा ऐकू आला. मला वाटलं कोणी बुडालं.

अख्खं गाव ओढ्यात होतं. मी लावून घेतलेले बांधाचे धोंडे काढून त्यांचा खालच्या बाजूला आडवा बांध घातला होता आणि मधल्या तोंडाला टोपली लावली होती. कोणी लुगडं धरलं होतं, कोणी मच्छरदाणी. गोट्यांवर माणसांचे पाय नुसते नाचत होते. बादल्या, घमेली, कळशा, सगळं भरलेलं. ज्या घमेल्यांनी उन्हाळ्यात गोटे वाहिले त्याच घमेल्यांत मासे होते. मधोमध, गुडघाभर पाण्यात धोतर खोचून, आबा उभे होते आणि कोणी कुठे धरायचं ते सांगत होते. मला पाहून ते ओरडले, "या बाई, या. तुमच्या पायगुणानं आलं."

साहेब काठावर थांबले. आधी त्यांना काही कळेना, मग हसू आलं. त्यांनी ते आवरायचा प्रयत्न केला, हेही मी त्यांच्या बाजूने सांगते. "मॅडम, मासे आहेत. मान्य," ते म्हणाले. "पैदास?"

"पोटात आहे," मी म्हटलं.

"पोटात असून कसं चालेल?"

ते तरीही खाली उतरले. बुटांसकट. दोन-चार गोटे उचलून पाहिले. पायांनी ढवळून पाणी ताकासारखं झालं होतं, गोट्यांना चिखलाशिवाय काही नव्हतं. ते वर आले तेव्हा गावातल्या एकाने मोठ्या अगत्याने त्यांच्या हातात पिशवी ठेवली, आत वीतभर लांबीचे चारपाच कोळीस. साहेब नको नको म्हणाले, मग माझ्याकडे बघणं टाळून म्हणाले, "घरी आवडतात." माझ्या ओढ्याचा पुरावा जीपच्या मागच्या सीटवर बसून त्यांच्या घरी गेला. साहेबांना मीच ओढत आणलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

संध्याकाळी आबा ताट घेऊन आले. वर स्वच्छ फडकं झाकलेलं. त्यांनी ते ओसरीवर ठेवलं आणि फडकं काढलं. आत तळलेली गाभोळी होती, माशांच्या पोटातल्या अंड्यांची, तिखट-मीठ लावून खरपूस केलेली. आमच्याकडे अंडंसुद्धा शिजत नाही हे त्यांना ठाऊक होतं, पण हा मान होता, चुकवता येत नव्हता. पूर्वी उन्हाळ्यात सगळं गाव मिळून ओढा साफ करायचं, आणि ज्या घराने पुढाकार घेतला त्या घरी चढणीची पहिली गाभोळी जायची. ओढ्यातले मासे गेले तशी ती रीतही गेली होती. यंदा ती माझ्यामुळे परत आली, असं ते सांगत होते. म्हणून गाव घमेली घेऊन उतरलं होतं. बाईंनी मासे परत आणायचं मनावर घेतलंय, म्हणजे आपल्याला पुन्हा मासे खायला मिळणार. याहून सरळ अर्थ दुसरा कोणता होता?

माझा ताबा सुटला. "आबा," मी म्हटलं, "तुम्ही आज तुमची विहीर खाल्लीत."

मग मी सगळं सांगितलं, साहेबांची अट, शेरा, आणि तो हुकल्यामुळे आता न टळणारं काँक्रीट. ते पायरीवर बसले. मग म्हणाले, "माझ्या बापानं खाल्लं, आज्यानं खाल्लं. दर साली खाल्लं आन् दर साली आलं. खाऊन मासं संपतंय व्हय, बाई?"

नाही संपत. हे मी शपथेवर सांगते. धरून उरलेले वर जायचे, त्यांची अंडी गावाला शतकभर पुरून उरली होती. मासे गावाने संपवले नव्हते. ते राडारोड्याने, सांडपाण्याने, वाळूच्या ट्रकने, माझ्यासारख्यांच्या बंगल्यांनी संपवले होते. पण यंदा उरायला काही नव्हतंच, जे आले ते सगळे एका दिवसात घमेल्यांत गेले.

"ह्ये आधी का न्हाई सांगितलं?" त्यांनी विचारलं.

मी ताटावर फडकं पुन्हा झाकलं. आमचे हे आतल्या खोलीत होते. त्यांच्याकडूनही त्या दिवशी टोमणा आला नाही. गाभोळी मी खाल्ली नाही आणि टाकायलाही हात धजेना. शेवटी कढीलिंबाच्या बुंध्याशी पुरली. रिकामं ताट परत पाठवू नये म्हणून त्यात मूठभर साखर घालून पाठवलं.

दिवाळीनंतर यंत्रं आली. मी पुन्हा त्या कार्यालयात गेले, तेव्हा साहेबांची बदली झाली होती आणि नव्या साहेबांना मासे हा विषयच माहीत नव्हता. गोटे उकरून ट्रकमध्ये भरले गेले. दोन्ही भिंती उभ्या राहिल्या. तळाला काँक्रीट ओतलं आणि ते गुळगुळीत केलं, पाणी लवकर वाहून जावं म्हणून. काम चांगलं केलं होतं, हे म्हणायला हवं. मार्च लागायच्या आत आबांच्या विहिरीत घागर बुडेना. शेवंती वाळली. त्यांच्या मुलांना फार समजावावं लागलं नाही. तिथे आता गाड्या लावायची जागा आहे.

आबा रस्त्यात भेटत, रामराम करत, थांबत नसत. मीही थांबवत नव्हते. कोण कोणावर रागावलंय हे आम्हा दोघांनाही ठरवता येत नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात, पाणी निवळल्यावर, एका सकाळी मागे कोणीतरी मोठ्याने ओरडत असलेलं ऐकू आलं. मी दार उघडलं. भिंतीवर आबा छत्री घेऊन उभे होते आणि पलीकडून मच्छरदाणी घेऊन आलेल्या चार तरुणांना हाकलत होते. "हात लावायचा न्हाई," ते म्हणत होते. "बाईंचं मासं हायेत ते. त्यांना अंडी घालायचीत." तरुण शिव्या देत निघून गेले. मी भिंतीशी जाऊन खाली पाहिलं. काँक्रीटवरून बोटभर पाणी सुळकन वाहत होतं आणि त्यात मासे होते. मागच्या सालाइतके नाहीत, पण होते. वर चढायला बघत होते आणि गुळगुळीत तळावरून घसरून पुन्हा खाली जात होते. काहींनी जागीच अंडी टाकली होती. ती पाण्याबरोबर मोहरीसारखी घरंगळत पुलाखालच्या गटाराकडे चालली होती.

आबांना आता लांबचं नीट दिसत नव्हतं. ते भिजले होते आणि त्यांचा श्वास लागला होता.

"पहाटेपास्नं हितंच हाय," ते म्हणाले. "यंदा कुनाला धरू दिलं न्हाई, बाई. घालत्यात का अंडी?"

"घालतायत," मी म्हटलं. "बरं केलंत, आबा."